हौसरावाचा एक पाय पायरीवर

मित्रांनो, मी एक जुना चित्रकागद आहे. लांबी सोळा इंच, उंची पाच इंच. पुढच्या बाजूला काळ्या शाईने काढलेल्या तीन चौकटी आहेत आणि पाठीवर रेल्वेच्या एका रद्द झालेल्या वेळापत्रकाचा तुकडा आहे. माझा जन्म दौंडला, ९ जुलै १९६१ रोजी, रविवारी झाला. तारीख चुकायची नाही, ती माझ्या उजव्या कोपऱ्यात लिहिलेली आहे. कागदाच्या मानाने आठ वर्षं हे काही फार वय नव्हे. पण माझी सगळी भावंडं गेली. घरात एकटं उरलेलं माणूस वयाआधी म्हातारं होतं, तसं माझं झालं आहे.

मला काढलं त्यांचं नाव इनुस. दौंड जंक्शनवर ते रेल्वेचे पेंटर होते. पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत स्टेशनचं नाव, सिग्नलच्या हातावरचा तांबडा रंग, आगीच्या बादल्यांवरची अक्षरं, ही त्यांची सहा दिवसांची कामं. सातव्या दिवशी, रविवारी, ते घरात चटईवर बसत, मांडीवर फळी घेत आणि चित्र काढत. कागद विकतचा नसे. वेळापत्रक बदललं की भिंतीवरचे जुने मोठे तक्ते निकामी होत. ते जाड असत आणि पाठीला कोरे असत. इनुसभाई ते मागून घेत आणि त्यांच्या आडव्या पट्ट्या कापत. मी अशीच एक पट्टी.

“हप्ताभर पाट्या रंगवून हात भरत न्हाईत का?” त्यांची बायको सुगराबी म्हणायची. “सुट्टीच्या दिशी हमाल घरात आणून बसवलाय. आता त्यालाबी च्या मीच करू का?”

“त्याला नगं,” इनुसभाई मान वर न करता म्हणायचे. “त्याच्या वाटचा मला दे.”

हा हमाल म्हणजे हौसराव. खरा माणूस नव्हे, चित्रातला. शिरूरहून निघणाऱ्या एका साप्ताहिकात तो दर शनिवारी तीन चौकटींत छापून यायचा. १९५३ च्या दसऱ्याला तो सुरू झाला. अंगात लाल डगला, दंडाला सतरा नंबरचा बिल्ला. दुसऱ्यांची बोचकी गाडीत चढवण्यात त्याचा जन्म चालला होता, पण स्वतः तो कधी गाडीत बसला नव्हता. दोन-चार महिन्यांनी एकदा तो ठरवायचा, आज जायचंच. आणि गाडी हलायच्या आत कुणीतरी हाक मारायचं, “हमाल!” आणि हौसराव खाली उतरायचा. लोक हसायचे. कवठे येमाईच्या बाजारात माणसं एकमेकांना विचारायची, “गेला का रं हौसराव?” उत्तर ठरलेलं होतं, “कशाचा जातोय त्यो!”

माझ्या पहिल्या चौकटीत हौसराव दंडावरचा बिल्ला काढून बाकावर ठेवतो. दुसरीत गार्ड हिरवं निशाण दाखवतो. तिसरीत हौसरावाचा एक पाय डब्याच्या पायरीवर आहे आणि दुसरा फलाटावर. मागे गर्दीत एका बाईने हात वर केला आहे, तोंड उघडलं आहे. खाली लिहिलं आहे, ‘पुढच्या शनिवारी पाहा.’

आता छपाईतली एक गोष्ट सांगतो, कारण माझं सगळं दुःख तिच्यापाशी येऊन थांबतं. चित्र छापायचं तर आधी त्याचा फोटो घेऊन जस्ताचा ब्लॉक करावा लागतो. तो कॅमेरा फिकट निळी पेन्सिल पाहू शकत नाही. म्हणून चित्रकार मापाच्या रेघा, सूचना, चुका, सगळं निळ्या पेन्सिलीने लिहितात. कागदावर ते राहतं, छापील अंकात उमटत नाही. इनुसभाई माझ्यासारख्या प्रत्येक कागदाच्या डाव्या कडेला निळ्या पेन्सिलीने एक-दोन ओळी लिहीत. त्या ब्लॉकमेकरसाठी नसत. त्या शिरूरच्या छापखान्यात ट्रेडल मशीन चालवणाऱ्या भिमाजीसाठी असत. ‘भिमाजी, इकडे पाऊस नाही, तिकडे?’ ‘भिमाजी, या खेपेला हौसरावाचं नाक बिघडलं, हसू नका.’ ‘सुगराबीला ताप आहे, म्हणून चित्रातले कपडे घाईत काढलेत.’

छापील हौसराव सगळ्या तालुक्याचा होता. निळी ओळ एकट्या भिमाजीची होती.

माझ्या कडेला लिहिलं होतं: ‘भिमाजी, आठ दिवस झाले, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं. रेघ हलली आहे का, नीट बघून कळवा. घरी बोललो नाही.’

हे लिहून इनुसभाईंनी मला दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवलं, सुतळी आडवी-उभी बांधली आणि सोमवारी एस. टी. च्या ड्रायव्हरकडे दिलं. मला त्या दिवशी फार आनंद झाला होता. मी छापला जाणार होतो.

भिमाजी मूळचे कवठे येमाईचे. शिरूरला घोडनदीच्या बाजूला दोन खोल्यांत बायको साखरबाई आणि सात महिन्यांची मुलगी म्हाळसा यांच्यासह राहत. चित्रं गोळा करण्याचा त्यांचा नाद कसा सुरू झाला, ते मी पुढे त्यांच्याच तोंडून ऐकलं. ट्रेडल मशीनवर छापताना कागदाच्या मागे पॅकिंग म्हणून जाड कागद घालावा लागतो. पहिल्या अकरा आठवड्यांची चित्रं भिमाजींनी स्वतःच्या हातांनी पॅकिंगला घातली. तेव्हा कुणालाच त्यात गैर वाटत नव्हतं. ब्लॉक झाला की चित्राचं काम संपलं. एके दिवशी पॅकिंग बदलताना त्यांना दाबून चपटा झालेला हौसराव दिसला, आणि कडेला निळ्या पेन्सिलीची ओळ: ‘मशीनवाल्या भावास सलाम. छपाई उजळ येते.’ आठ वर्षं मशीन चालवत होते, कुणी त्यांना सलाम लिहिला नव्हता. ती ओळ त्यांनी आधी पाहिलीच नव्हती. उरलेल्या दहांवर काय लिहिलं होतं, ते आता कधीच कळणार नव्हतं. त्या दिवसापासून त्यांनी एकही चित्र जाऊ दिलं नाही.

छापखान्याचे मालक आणि संपादक आनंदराव त्यांची चेष्टा करत. “रस काढल्यावर चिपाडं कोन जपून ठेवतं का रं भिमाजी?”

“चिपाडंबी चुलीला लागत्यात, मालक.”

“मंग जाळ की.”

“न्हाई जाळत,” भिमाजी म्हणत आणि चित्र कागदात गुंडाळून घरी नेत.

त्यांचा एक रिवाज होता. दौंडहून आलेलं पुडकं ते कधी सोडून बघत नसत. तसंच्या तसं बुधवारच्या पहिल्या गाडीने पुण्याला ब्लॉकमेकरकडे जाई आणि शुक्रवारी ब्लॉकसकट परत येई. पहिलं प्रूफ निघालं की मगच ते हौसरावाचं काय झालं ते बघत, आणि मग मूळ चित्र हातात घेऊन निळी ओळ वाचत. आधी बघितलं तर गंमत जाते, असं त्यांचं म्हणणं. आठ दिवस वाट पाहून खाल्लेल्या घासाची चव निराळी असते ना, तसं.

बुधवार, १२ जुलै. भिमाजी सकाळी मला घेऊन स्टँडवर गेले. पुण्याची गाडी सुटली नाही. दुपारपर्यंत बातमी आली की पानशेतचं धरण फुटलं आणि पुण्यात पाणी शिरलं. ब्लॉकमेकरचं दुकान नदीकाठच्या पेठेत होतं. त्याचा कॅमेरा, जस्ताचे पत्रे, ॲसिडच्या कुंड्या, सगळं गेलं. तो स्वतः वाचला, पण त्याने धंदा पुन्हा मांडला नाही. त्या शनिवारी साप्ताहिक निघालं नाही. आनंदरावांची तब्येत आधीच खालावली होती. ते म्हणाले, “दिवाळीपासनं पुन्हा काढू.” दिवाळीला म्हणाले, “पाडव्याला.” पाडव्यानंतर कुणी विचारलं नाही. छापखाना लग्नपत्रिका आणि हँडबिलं छापत राहिला.

मी मात्र पुठ्ठ्यांतच होतो. भिमाजींनी घरातल्या भिंतीला खिळा मारून मला सुतळीने टांगलं.

“सोडून तरी बघा,” साखरबाई म्हणाल्या. “गेला का त्यो, ते तरी कळंल.”

“सोडलं की संपलं, साखरे. बांधलेलं हाय तवर हौसरावाचा एक शनवार बाकी हाय.”

मला आत अंधारात रडू आलं असतं, कागदाला रडता आलं असतं तर. माझ्या अंगावर एका माणसाचा प्रश्न लिहिलेला होता, आणि ज्याला विचारला होता तो माझ्यापासून दोन हातांवर जेवत होता.

त्या वर्षीच्या दिवाळीच्या चार दिवसांत वही तयार झाली. ती मी पाहिली नाही, फक्त ऐकली आणि हुंगली. भिमाजींना बाइंडिंगचं काम येत होतं. जाड पानांची मोठी वही त्यांनी स्वतः शिवली, वर तांबडं कापड चढवलं. तीनशे पंच्याहत्तर चित्रं होती. शेवटची काही पानं कोरी ठेवली. मला त्यांनी वहीत घेतलं नाही. “छापलेलं तेवढंच वहीत,” ते म्हणाले. मला त्या भावंडांचा फार हेवा वाटला, मित्रांनो. त्यांना नवीकोरी वही, तांबडं कापड, मला खिळा.

दारातून शेजारच्या रंगुबाईंचा आवाज आला, “अगं बया, सारी दुनिया लक्षुमी पुजतीया आन् तुमच्यात हमालाची पूजा मांडलीया व्हय?”

“लक्षुमीला घेऊन तरी कोन येतंय?” भिमाजी म्हणाले. “हमालच ना?”

रंगुबाई हसत निघून गेल्या. चुलीवर कणकेची खळ शिजत होती. त्या खळीत चिमूटभर मोरचूद घालतात. मोरचूद विषारी असतो, म्हणून खळीने चिकटवलेल्या कागदाला कसर आणि वाळवी लागत नाही. भिमाजींनी त्याची पुडी आणून साखरबाईंच्या हातात दिली होती आणि ते कापड आणायला बाहेर गेले होते. खळ निवायला ठेवली. मोरचूद अजून घालायचा होता. एवढ्यात साखरबाईंची किंकाळी ऐकू आली. रांगणाऱ्या म्हाळसाने दोन्ही हात पातेल्यात घालून खळ चाटली होती.

काही झालं नाही. नुसती कणीक होती ती. साखरबाईंनी पोरीचं तोंड धुतलं आणि तिला पोटाशी धरलं. मग मागच्या दाराची कडी वाजली. त्या मोरीकडे गेल्या आणि पुडी पाण्यात सोडून परत आल्या.

“मोरचूद घातलं का?” संध्याकाळी भिमाजींनी विचारलं.

“घातलं,” साखरबाई म्हणाल्या.

चारही दिवस तेच उत्तर होतं.

पुरी झालेली वही धुतलेल्या धोतरात गुंडाळून माळ्यावर ठेवली गेली. हात लागून खराब होऊ नये म्हणून भिमाजींनी ती परत उघडली नाही. साप्ताहिक सुरू होईल, कोरी पानं भरतील, मग ती दौंडला नेऊन इनुसभाईंच्या पुढ्यात ठेवायची, असा त्यांचा बेत होता. इनुसभाईंपाशी स्वतःचं एकही चित्र नव्हतं. काढायचं आणि पाठवून द्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं.

१९६२ च्या उन्हाळ्यात केडगावला एका लग्नाला जाताना भिमाजी गाडी धरायला दौंड स्टेशनवर आले आणि तिथे इनुसभाई त्यांना भेटले. पाच मिनिटांची भेट. इनुसभाईंनी विचारलं, “शेवटचं चित्र मिळालं व्हतं ना?”

“मिळालं की. जपून ठेवलंय.”

“बरं,” इनुसभाई म्हणाले. दुसरं काही विचारलं नाही. रेघ हलली असती तर भिमाजीने सांगितलं असतं, असं त्यांनी धरलं. आणि दिव्याभोवतीचं रंगीत कडं त्यांनी वयावर ढकललं.

त्यानंतर पाच वर्षं काहीही झालं नाही. माझ्यावर धूळ बसली. म्हाळसा चालायला लागली, बोलायला लागली, शाळेत जायला लागली. “ह्या पुडक्यात काय हाय?” ती विचारायची. “एक मानूस हाय,” साखरबाई सांगायच्या. “गाडीला उशीर झालाय त्याला.”

जून १९६७ मध्ये दौंडहून कार्ड आलं. अक्षर इनुसभाईंचं नव्हतं, कुणा शेजाऱ्याकडून लिहून घेतलं होतं. भिमाजींनी ते मोठ्याने वाचलं, म्हणून मला कळलं. काचबिंदू. डावा डोळा गेला होता. उजव्याने नळीतून बघावं तेवढंच मधलं दिसत होतं, आणि तेही महिन्या-दोन महिन्यांचं. रेल्वेने नोकरीतून कमी केलं होतं. शेवटी लिहिलं होतं, ‘दिसतंय तोवर हौसराव सगळा एकदा बघायचा आहे. वही घेऊन या.’

भिमाजींनी शिडी लावली. धोतरात गुंडाळलेली वही खाली आणली. मी ऐकत होतो. ते एवढंच म्हणाले, “हलकी कशी लागतीया?”

मग गाठ सोडल्याचा आवाज आला, आणि जमिनीवर काहीतरी भुरभुर सांडल्याचा. वाळू सांडावी तसा.

वाळवी भिंतीतून माळ्यावर चढली होती. तांबडं कापड वरून शाबूत होतं. आत जिथे जिथे खळ लागली होती तिथून तिने खायला सुरुवात केली आणि शेवटी चित्रंही संपवली. तीनशे पंच्याहत्तरांपैकी एकही पुरतं उरलं नव्हतं. कुठे बिल्ल्याचा सतरा आकडा, कुठे गाडीचं एक चाक, कुठे निळ्या ओळीतला ‘सलाम’ एवढाच शब्द. ज्यांचा मी हेवा केला ती माझी भावंडं साखरबाईंनी सुपात गोळा केली.

“भितीला ओल व्हती,” भिमाजी म्हणाले. “माझंच चुकलं. माळ्यावर ठेवायला नगं व्हतं.”

साखरबाईंनी सूप बाजूला ठेवलं. थोड्या वेळाने त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. “ह्ये तरी न्या.”

तिघंही दौंडला गेले: भिमाजी, साखरबाई आणि सहा वर्षांची म्हाळसा. मी म्हाळसाच्या मांडीवर होतो. सुगराबीने दार उघडलं. तिने पलंगावर धुतलेली चादर अंथरून ठेवली होती. वही उघडायला जागा हवी म्हणून इनुसभाईंनी सकाळीच ती अंथरायला सांगितली होती.

“आण हिकडं,” इनुसभाई हात पुढे करून म्हणाले. “सुगराबी म्हनती, शिरूरहून येस्टीत बसायचं म्हंजी वहीला येगळं तिकीट काढावं लागलं आसंल.”

भिमाजींनी सांगितलं. आडवळण न घेता, उभ्यानेच सांगितलं.

“सगळी?”

“सगळी.”

इनुसभाईंनी पुढे केलेला हात मागे घेतला. मग म्हणाले, “पहिली अकरा तू मशीनखाली घातलीस, ऱ्हायलेली वाळवीनं खाल्ली. हमालाच्या नशिबी दुसरं काय आसनार?” ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही.

मग भिमाजींनी मला त्यांच्या हातात दिलं. इनुसभाईंनी सुतळी चाचपली. “गाठ माझीच हाय,” ते म्हणाले. “सोडली न्हाईस?”

“न्हाई.”

त्यांनी गाठ सोडली. सहा वर्षांनी माझ्यावर उजेड पडला. ते मला घेऊन उंबऱ्यापाशी बसले, उजव्या डोळ्यापासून दोन बोटांवर मला धरलं आणि हळूहळू सरकवत नेलं. आधी बाकावरचा बिल्ला. मग हिरवं निशाण. मग पायरीवरचा पाय. तिथे ते थांबले. त्यांचा श्वास माझ्यावर पडत होता. मग त्यांनी मला डावीकडे नेलं.

“हितं कडंला मी काय तरी लिवलेलं आसंल. निळं दिसत न्हाई मला. वाच.”

भिमाजींनी वाचायला सुरुवात केली. ‘आठ दिवस झाले, दिव्याभोवती रंगीत कडं दिसतं...’ उरलेलं त्यांनी मनात वाचलं. मग परत पहिल्यापासून, शेवटपर्यंत, मोठ्याने वाचलं. त्यांनी काही गाळलं नाही.

सुगराबी भिंतीला टेकून उभी होती. “डाक्टर म्हनला, पाच-सहा वर्सं आधी आला आसता तर डोळा ऱ्हायला आसता,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. नवऱ्याकडे वळून म्हणाली, “मला न्हाई सांगितलंत. कागदाला सांगितलंत.” आणि भिमाजींना म्हणाली, “आन् तुम्ही त्यो कागद भिताडाला टांगलात.”

भिमाजींनी मान खाली घातली.

“रेघ हललीया का, भिमाजी?” इनुसभाईंनी विचारलं. “ईचारलं व्हतं मी.”

भिमाजींनी मला उजेडात धरलं. ते खोटं बोलू शकले असते. तपासून बघायला तिथे रेघ पारखणारे दुसरे डोळे नव्हते. “हललीया,” ते म्हणाले. “पायापाशी.”

“कंच्या?”

“पायरीवरच्या.”

इनुसभाईंनी मान हलवली आणि मला परत हातात घेतलं. त्यांनी जे कळवायला सांगितलं होतं ते त्यांना सहा वर्षांनी कळलं.

मग साखरबाई पुढे आल्या. “वाळवी ओलीनं न्हाई लागली,” त्या म्हणाल्या. “खळीत मोरचूद घातलं नव्हतं. म्या घातलं म्हनून सांगितलं, पर म्या पुडी मोरीत वतली. ही रांगत व्हती तवा. हिनं खळ चाटली व्हती. चार दिस पातेलं घरात ऱ्हानार, माझा धीर झाला न्हाई.”

भिमाजींनी बायकोकडे पाहिलं. सहा वर्षं तिच्या पोटात काय होतं, ते त्यांनाही त्या क्षणी कळलं.

सुगराबीने म्हाळसाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती आत गेली आणि गूळ-शेंगदाणे घेऊन आली, आणि पोरीच्या हातावर ठेवले.

“बरं केलंस, वयनी,” इनुसभाई म्हणाले. ते मनापासून म्हणाले, हे मी सांगू शकतो, कारण मी त्यांच्या हातात होतो. पण पलंगावरची चादर मोकळीच होती.

शांततेला कंटाळली ती म्हाळसा. तिने माझ्यावर वाकून पाहिलं. “पुढं काय झालं? गेला का त्यो?”

“ते मला ठावं न्हाई, पोरी.”

“तुमीच तर काढलाय.”

“काढल्याबिगर मलाबी कळत नसायचं. पुढल्या रविवारी काढणार व्हतो. काढलं आसतं तर कळलं आसतं.”

म्हाळसाला हे पटलं नाही. तिने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि पुढचं काही सापडतं का म्हणून उलटवलं. वहीत चिकटलेल्या माझ्या भावंडांना पाठ राहिली नव्हती; मला होती. तिला नुकतं वाचायला येत होतं. ती एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचू लागली. “दौं... ड. पा... ट... स. के... ड... गा... व. य... व... त.” मग ती ओरडली, “गेला की! हितं लिवलंय. पाटसला गेला, केडगावला गेला, यवतला गेला!”

इनुसभाईंनी चेहरा तिच्या आवाजाकडे वळवला. “आन् म्होरं?”

“म्होरं कापलंय.”

“मीच कापलं आसंल,” ते म्हणाले. “कात्री माझीच.”

मित्रांनो, आता मी दौंडला असतो. सुगराबीने मला खिळा मारू दिला नाही. दाराशेजारी एका फळीवर मी उघडा ठेवलेला आहे. दर रविवारी ती मला उचलते, कोरड्या फडक्याने पुसते, मागून-पुढून न्याहाळते आणि परत ठेवते. तिला वाचता येत नाही. कडेची ओळ मात्र ती बोटाने दाखवू शकते. इनुसभाईंचा उजवा डोळा त्या वर्षीच्या हिवाळ्यात गेला. भिमाजी लग्नपत्रिका छापतात. कागद कुठलाही असो, मशीनला लावण्याआधी ते त्याच्या दोन्ही बाजू आणि चारी कडा बघून घेतात. आनंदराव विचारतात, काय शोधतोस? ते पुढचा कागद उलटतात.

दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीत म्हाळसा येते. ती माझी पाठ वाचते. आता तिला अक्षरं जुळवावी लागत नाहीत. दौंड, पाटस, केडगाव, यवत. तिथे माझा कागद संपतो. पुढचं इनुसभाई म्हणतात, उरुळी, लोणी, मांजरी, हडपसर. त्या पाट्या त्यांनीच रंगवलेल्या आहेत, त्यांना त्या पाठ आहेत. पुणं आलं की दोघं थांबतात. हौसराव तिथे उतरला, की कुणाच्या हाकेने यवतलाच खाली आला, हे अजून कुणाला माहीत नाही.

माझं एकच मागणं आहे. तुमच्याही घरात कुठे तरी माळ्यावर, खिळ्याला, पेटीच्या तळाशी काही जपून ठेवलेलं असेल. ते आज खाली काढा. गाठ सोडा, उजेडात धरा, उलटून बघा, कडेला बघा. ज्याने ते केलं तो माणूस हयात असेल, तर त्याच्याकडे घेऊन जा, त्याला दिसतंय तोवर. कडेला काही विचारलेलं असेल, तर उत्तर द्या. मला विचारलेलं ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं.